पाचशे वॅटचं हेड आहे, कॅबिनेट कोणतं घेऊ?

प्रश्न: मी पाच तारांचा बेस वाजवतो. बँडमध्ये दोन गिटार, एक ड्रमर आणि एक गायिका. आजवर सरावाच्या छोट्या काँबोवर (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) भागवलं, पण ड्रम सुरू झाले की मला माझाच बेस ऐकू येत नाही. म्हणून एक वापरलेलं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप, घेतलं. त्याच्या पाठीवर लिहिलंय: ४ ओहमला ५०० वॅट, ८ ओहमला ३०० वॅट, किमान ४ ओहम. उरलेल्या पैशांत एकच कॅबिनेट (स्पीकरचा डबा) बसतंय. पहिला पर्याय जुनं ४×१० (दहा इंची चार स्पीकर), ४ ओहमचं. त्यावरचा वॅटचा आकडा पुसला गेलाय. दुसरा नवं २×१०, ८ ओहमचं, ३५० वॅटचं; किंमत जवळपास तेवढीच. तिसरा, आमच्या गिटारवाल्याकडे पडून असलेलं ४×१२, १६ ओहमचं, फुकट. ८ ओहमचं घेतलं तर माझे २०० वॅट वाया जातील ना? आणि ३५० वॅटच्या कॅबिनेटला ५०० वॅटचा अँप लावला तर ते जळेल का?

उत्तर: आधी त्या २०० वॅटचं दुःख कमी करू. ३०० वॅट आणि ५०० वॅट यांत आवाजाचा फरक पडतो साधारण २ डेसिबलचा. शांत खोलीत लक्ष देऊन ऐकलं तर तो कळतो. ड्रमर जोरात असताना कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. ३०० वॅटचा आवाज नुसते वॅट वाढवून दुप्पट करायचा तर ३,००० वॅट लागतील. त्या वाटेने जाण्यात कुणाच्याच बजेटचं भलं नाही.

आवाज खरा ठरतो तो कॅबिनेटमध्ये. तिथे एक आकडा लिहिलेला असतो, ज्याकडे घेणारे फारसं बघत नाहीत: सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला ३०० वॅट देऊन जेवढा आवाज निघतो, तेवढाच १०० डेसिबलच्या कॅबिनेटमधून ७५ वॅटमध्ये निघतो. म्हणजे चांगलं कॅबिनेट घेणं हे अँपची ताकद चौपट करण्यासारखं आहे, आणि त्यासाठी अँपला हात लावावा लागत नाही. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अँप १९६९ साली आला तेव्हा तो ३०० वॅटचा होता, तुमच्या हेडच्या ८ ओहमच्या आकड्याइतकाच. मोठमोठे मंच त्याने भरून काढले, कारण त्याच्यासोबत दहा इंची आठ-आठ स्पीकरांची कॅबिनेटं असत. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप ताणला की मऊपणे फाटतो म्हणून तो आकड्याहून मोठा वाटतो, हे खरं आहे. पण हवा हलवत होते ते स्पीकरच.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचताना एक काळजी घ्या. पुष्कळदा तो मधल्या सुरांवर मोजलेला असतो, खालच्या सुरांवर नाही. एखादं इवलंसं कॅबिनेट ‘१०२ डेसिबल, आणि ३५ हर्ट्झपर्यंत खोल’ असं सांगत असेल तर ते दोन आकडे एकाच वेळी खरे असतील अशी अपेक्षा ठेवू नका. छोटा आकार, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एका डब्यात येत नाहीत. दोन घ्या आणि तिसरी सोडा. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ ज्यांचा, त्या हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, आणि त्याला बगल देणारं कॅबिनेट कुणी बनवलेलं नाही. ‘३५ हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे उणे ३ डेसिबल लिहिलंय की उणे १०, तेही बघा. उणे १० असेल तर त्या सुराला कॅबिनेट नावापुरतंच वाजतं.

आता ओहम, म्हणजे कॅबिनेट करंटला करतं तो रोध. वॅटच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, ओहमच्या बाबतीत नाही. तुमच्या हेडवर ४ आणि ८ ओहमसाठी वॅटचे दोन वेगळे आकडे आहेत, त्यावरून ते ट्रान्झिस्टरचं किंवा क्लास-डी (ट्रान्झिस्टरचाच नवा, हलका प्रकार) हेड आहे हे जवळजवळ नक्की. अशा हेडला ओहम जास्त असलेलं कॅबिनेट लावलं तर काही बिघडत नाही, फक्त वॅट कमी निघतात. ओहम किमान आकड्याच्या खाली गेले की मात्र ते नको तेवढा करंट ओढायला लागतं, तापतं, आणि नशीब चांगलं असेल तर स्वतःहून बंद पडतं. नशीब तसं नसेल तर आऊटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. (व्हॉल्व्हच्या अँपचा नियम वेगळा आहे. तिथे ओहम जुळवावेच लागतात आणि कॅबिनेट न जोडता तो वाजवला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पुढेमागे तुमच्या हाती असा अँप आला तर हे आठवा.)

दोन कॅबिनेटं एकत्र लावली की ओहम कमी होतात, हेही पक्कं लक्षात असू द्या. ८ आणि ८ मिळून ४. ४ आणि ४ मिळून २. ८ आणि ४ मिळून साधारण २.७. हेडच्या पाठीमागे दोन सॉकेट असतात तेव्हा अनेकांना वाटतं की प्रत्येक सॉकेटला वेगळं ४ ओहमचं कॅबिनेट लावता येईल. तसं नसतं. ती दोन सॉकेट आतून एकमेकांना जोडलेली असतात. दोन कॅबिनेटं हेडला स्वतंत्र लावा किंवा एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात केबल न्या, हिशोब तोच. तेव्हा ४ ओहमचं कॅबिनेट घेतलंत की तुमच्या हेडची हद्द तिथेच संपली. ८ ओहमचं घेतलंत तर पुढे अगदी तसंच आणखी एक जोडायची जागा राहते.

म्हणूनच बहुतेक लोक डोळे झाकून सांगतात की पहिलं कॅबिनेट ८ ओहमचंच घ्या. एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण तुमच्या बाबतीत जरा थांबा, आणि स्पीकर मोजा. ८ ओहमची दोन २×१० कॅबिनेटं म्हणजे एकूण चार दहा इंची स्पीकर आणि ४ ओहम. समोरचं जुनं कॅबिनेट म्हणजे एकूण चार दहा इंची स्पीकर आणि ४ ओहम. म्हणजे काही वर्षं पैसे साठवून तुम्ही जिथे पोहोचणार, ते आज एकाच फेरीत समोर उभं आहे. त्याच्यापुढे रस्ता नाही, हे खरं. पण ज्या रस्त्याने तुम्ही निघालाय त्याचा मुक्काम तोच आहे.

आवाजाच्या भाषेत सांगतो. एका २×१० ऐवजी त्याच दर्जाचं ४×१० लावलं तर हवा हलवणारं क्षेत्रफळ दुप्पट झाल्याने साधारण ३ डेसिबल मिळतात, आणि ३०० ऐवजी ५०० वॅट मिळाल्याने आणखी २. एकूण ५ डेसिबल. हा फरक ड्रमरच्या बाजूला उभं राहिल्यावर नक्की जाणवतो. अँपच्या भाषेत तो तिपटीहून अधिक वॅटचा आहे. दोन गिटार आणि दणकून वाजवणारा ड्रमर असेल तर एकटं २×१० कायम आपल्या मर्यादेला टेकलेलं राहील, आणि मर्यादेला टेकलेल्या कॅबिनेटमधून सूर निघत नाही, धडपड ऐकू येते.

आता तिसरा पर्याय पटकन बाजूला करू, कारण फुकटाचा मोह मोठा असतो. गिटारचं ४×१२ बेससाठी घेऊ नका. १६ ओहममुळे हेडला धोका नाही, फक्त वॅट अर्ध्यावर येतील, साधारण १५० च्या आसपास. धोका स्पीकरला आहे. गिटारची सगळ्यात खालची उघडी तार सुमारे ८२ हर्ट्झची, तुमची खालची बी तार सुमारे ३१ हर्ट्झची. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनाला (हवा हलवणाऱ्या पडद्याला) पुढेमागे चौपट हलावं लागतं, आणि गिटारचे स्पीकर तेवढे हलण्यासाठी बनवलेलेच नसतात. मित्राचं कॅबिनेट फाडून मैत्रीत वितुष्ट आणू नका.

तेव्हा माझा सल्ला असा: आधी जुनं ४×१० नीट तपासा. ते धडधाकट निघालं तर तेच घ्या. शंका आली तर मागे फिरा आणि नवं २×१० घ्या. ‘जुनं आहे, थोडं चालायचंच’ असं म्हणून तडजोड करू नका, कारण चार स्पीकर बदलण्याचा खर्च कॅबिनेटच्या किमतीच्या पुढे सहज जातो.

तपासायला जाताना स्वतःचं हेड, स्वतःचा बेस आणि एक साधा मल्टिमीटर घेऊन जा. हेड जोडण्यापूर्वी कॅबिनेटला फक्त केबल लावा आणि तिच्या मोकळ्या टोकावर ओहम मोजा. मीटर नेहमी लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी दाखवतो, कारण तो व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या गुंडाळीच्या) तारेचा नुसता रोध मोजतो: ४ ओहमच्या कॅबिनेटला ३ ते ३.५ च्या आसपास, ८ ओहमच्याला ५.५ ते ७ च्या दरम्यान. ४ ओहम म्हणून विकल्या जाणाऱ्या या कॅबिनेटवर मीटरने ६ दाखवले, तर एकतर ते ८ ओहमचंच आहे किंवा आतले स्पीकर मेलेत. काही ४×१० मध्ये स्पीकर दोन-दोनच्या जोड्यांत ओळीने जोडलेले असतात. त्यातला एक गेला की त्याचा जोडीदारही गप्प होतो आणि ओहम दुप्पट दिसतात. उलट मीटरने २ च्या आसपास आकडा दाखवला तर कुणीतरी मधेच चुकीच्या ओहमचे स्पीकर बसवलेत. ते कॅबिनेट तुमच्या हेडला लावूच नका, वाजवून बघायलाही नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये हे सर्रास आढळतं, आणि पाठीवरची पाटी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग जाळी काढायला सांगा. प्रत्येक कोनावर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं समान ठेवून हलक्या हाताने आत दाबा. कोन मऊपणे आत जाऊन परत यायला हवा. आतून खरखर आली तर कॉइल वाकडी झालीय किंवा भाजलीय. हवेच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्या. जळालेल्या कॉइलचा वास बरेच दिवस डब्यात राहतो. कोनाच्या कडेची पट्टी कुठे फाटलीय का, चिकटवलीय का, बघा. त्यानंतर हेड लावून, मध्यम आवाजात, खालच्या बी तारेपासून एकेक पट्टी हळू वर चढा आणि प्रत्येक स्पीकरजवळ कान न्या. एखाद्याच सुरावर भुरभुर येत असेल तर ती जाळीची किंवा सुटलेल्या स्क्रूचीही असू शकते आणि तिची चिंता नाही. पण ती एकाच स्पीकरमधून आणि प्रत्येक सुराला येत असेल तर त्या स्पीकरचं आयुष्य संपत आलंय. वरचा ट्वीटर (तीक्ष्ण सुरांचा छोटा स्पीकर) बंद असला तर किंमत थोडी कमी करून घ्या, पण त्यासाठी व्यवहार मोडू नका. बँडमध्ये त्याच्याविना छान चालतं.

आणि उचलून बघा. सिरॅमिक चुंबकांचे चार स्पीकर असलेला जुना डबा एकट्याने जिना चढवण्याच्या लायकीचा नसतो. सरावाची जागा वरच्या मजल्यावर असेल आणि मदतीला कुणी नसेल, तर एवढ्या एका कारणासाठी २×१० घेणं मी पूर्णपणे शहाणपणाचं मानेन. कंटाळा येऊन घरीच राहिलेलं कॅबिनेट कितीही सुंदर वाजलं तरी काय उपयोग?

जळण्याच्या भीतीबद्दल. ३५० वॅटच्या २×१० ला तुमचं हेड ५०० वॅट देणारच नाही. ५०० हा आकडा ४ ओहमचा आहे. ८ ओहमच्या कॅबिनेटला ते जास्तीत जास्त ३०० देईल. ही जोडी उत्तम आहे. जुन्या ४×१० चा आकडा पुसलेला आहे, तिथे कानावर भरवसा ठेवावा लागेल. संगीत काही सलग पूर्ण ताकदीने वाहत नसतं. सूर छेडताना क्षणभर उसळी येते आणि मग तो उतरतो, त्यामुळे कॉइलला सोसावी लागणारी सरासरी ताकद अँपच्या आकड्याच्या बरीच खाली असते. स्पीकर मरतात ते दोन कारणांनी. एक, सतत आवाज फाटेपर्यंत वाजवल्याने: पूर्ण कापला गेलेला तरंग त्याच उंचीच्या स्वच्छ तरंगाच्या दुप्पट ताकद वाहतो, आणि कॉइल भाजते. ‘कमी वॅटच्या अँपने स्पीकर जळतात’ असं जे सांगितलं जातं त्यातला खरा भाग एवढाच. छोटा अँप स्वच्छ वाजवला तर तो कुठल्याही स्पीकरला मारत नाही.

दुसरं कारण बेसवाल्यांच्या फार जवळचं आहे: बेसची नॉब. ती १२ डेसिबलने वर फिरवली की त्या सुरांना सोळापट ताकद लागते. सोळापट. तुमच्या हेडमध्ये तेवढी ताकद नसते, आणि असती तरी कोनाची हालचाल वॅटच्या मर्यादेच्या कितीतरी आधी संपते. बहुतेक दहा इंची कॅबिनेटं ज्या सुराला जुळवलेली असतात त्याच्या खाली गेलं की डब्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन नुसता फडफडतो. तुमची बी तार नेमकी त्याच भागात येते. दिलासा असा की त्या तारेचा जो दमदार आवाज आपण ऐकतो तो मुख्यतः ६२ आणि ९३ हर्ट्झच्या वरच्या सुरांचा असतो, मूळ ३१ चा नाही. म्हणून बेसची नॉब मधोमध ठेवा, आणि हेडमध्ये लो-कट किंवा हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराच्या खालचे आवाज कापणारा) असेल तर तो ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावून ठेवा. आवाज कमी झाल्यासारखा वाटणार नाही आणि कोनाची धडपड थांबेल. फडफड ऐकू आली की लगेच आवाज किंवा बेस कमी करा. ती त्या कॅबिनेटची खरी मर्यादा, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आता मूळ दुखणं: तुम्हाला स्वतःचा बेस ऐकू येत नाही. यातला अर्धा भाग पैसे न खर्चता सुटतो. कॅबिनेट जमिनीवर असतं आणि आपण त्याला चिकटून उभे राहतो, तेव्हा सूर ओळखू येतात ते मधले आवाज गुडघ्यांवर आदळतात. कॅबिनेट उंचावर ठेवा किंवा मागे कलतं ठेवा, आणि स्वतः दोन पावलं पुढे सरका. २×१० घेतलंत तर ते उभं करा, दोन्ही स्पीकर एकावर एक येतील असं. आवाज बाजूंना जास्त पसरतो आणि वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो. जमिनीवरून उचलल्याने खालचे सूर थोडे कमी वाटतील. तेवढी भरपाई मागची भिंत करते. मग हेडवर २०० ते ८०० हर्ट्झचा भाग थोडा वाढवा. घरी एकट्याने ऐकताना तो आवाज नाकातला वाटेल, पण बँडमध्ये त्याच्यामुळेच तुम्ही ऐकू येता. आणि दोन्ही गिटारवाल्यांना त्यांच्या अँपवरची बेसची नॉब कमी करायला सांगा. हे सांगणं अवघड असतं, तरी सांगाच. ते तुमच्याच जागेत वाजवत असतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि तिच्यावर निर्णय बदलू शकतो. तुमचे कार्यक्रम जिथे होतात तिथे बेस डीआयमधून (सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीतून) मोठ्या पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या ध्वनियंत्रणेला, जातो का? जात असेल तर कॅबिनेट फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही. तेव्हा एकटं २×१० पुरेल, हलकंही पडेल. ४×१० खरं उपयोगी आहे ते पीएमध्ये फक्त गाणं जातं अशा जागी, आणि तुमच्या पत्रावरून सरावाची खोली तरी तशीच दिसते.

२×१० घेतलंत आणि पुढे भर घालायची वेळ आली तर दुसरंही त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, ८ ओहमचंच घ्या. ‘खोलीसाठी’ म्हणून १×१५ जोडायचा सल्ला हमखास मिळेल. दोन वेगळ्या घडणीचे डबे एकत्र लावले की काही सुरांवर ते एकमेकांचा आवाज खातात, आणि कोणता सूर गायब होईल ते वाजवेपर्यंत कळत नाही. शिवाय ताकद दोघांत समान वाटली जाते, म्हणून तो एकटा स्पीकर शेजारच्या दोघांइतका भार सोसतो आणि आधी थकतो.

केबलवर पैसे वाचवू नका. बेसपासून अँपपर्यंत जाणारी केबल हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये लावायची नाही, प्लग तसाच असला तरी. तिची आतली तार बारीक असते, एवढा करंट वाहायला ती बनलेलीच नाही. ती तापते आणि शॉर्ट झाली तर हेड घेऊन जाते. जाड, दोन सारख्या तारांची स्पीकर केबल घ्या. दोन्हीकडे स्पीकॉन (फिरवून अडकवायचं) सॉकेट असेल तर स्पीकॉनचीच घ्या, ती ओढली गेली तरी निघत नाही. आणि क्लास-डी हेडच्या बाबतीत स्पीकर आऊटपुटला दुसरं कोणतंही उपकरण जोडू नका; अनेक हेडमध्ये त्याच्या दोन्ही तारा जिवंत असतात, एकही जमिनीची नसते.

जुनं कॅबिनेट बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोन करून सॉकेट कोणतं आहे ते विचारा आणि त्याप्रमाणे केबल सोबत न्या. तिथे त्याच्या हेडवर नाही, तुमच्या हेडवर वाजवा. आणि उचलायला ड्रमरला बरोबर घ्या.